उशिरा शिकलेली भाषा

गेल्या वर्षी प्रथम वर्षाचा निकाल लागला त्या दिवशी मी नोटीस बोर्डासमोर बराच वेळ उभी होते. मराठीत, इतिहासात, राज्यशास्त्रात माझे गुण बरे होते. कंपल्सरी इंग्रजीत मात्र मी काठावर सुटले होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मुलगी पास झाली एवढेच घरी पुरेसे होते. आईने देवापुढे साखर ठेवली. पण हे पास होणे खरे नव्हे, हे माझे मला ठाऊक होते. वर्गात सर इंग्रजीतून बोलू लागले की शेजारच्या मुली माना डोलवायच्या, आणि त्यांच्याकडे पाहून मीही डोलवायची. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकले की परकी भाषा ही लहानपणीच, शिकलेल्या घरातच यायची. एकदा वेळ गेली की गेली!

द्वितीय वर्षाला आम्हाला युरोपचा इतिहास आहे. त्यातल्या पुनरुज्जीवनाच्या प्रकरणात इरॅस्मस हे नाव आमच्या वहीत दोन ओळींत येऊन गेले. हॉलंडचा विद्वान, ‘मूर्खपणाची स्तुती’ या ग्रंथाचा कर्ता, ग्रीक भाषेतील नवा करार छापून प्रसिद्ध करणारा. टीप लिहिण्यापुरते एवढे पुष्कळ झाले. पण जाता जाता सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या गृहस्थाने ग्रीक भाषा तिशी उलटल्यावर आणि जवळजवळ शिक्षकावाचून शिकली. तास संपला, सर गेले; ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

ग्रंथालयात त्याचे एक जुने इंग्रजी चरित्र निघाले. पुस्तक घरी नेता आले. मोठा शब्दकोश मात्र संदर्भ विभागातला, तो तिथेच बसून पाहायचा. म्हणून रात्री अडलेले शब्द वहीत उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांचे अर्थ शोधायचे, असा क्रम मी ठेवला. ते पुस्तक संपायला मला जवळजवळ तीन महिने लागले. त्यातून मला जो इरॅस्मस भेटला, तो इथे सांगते आहे.

इरॅस्मसचा जन्म रॉटरडॅम गावी १४६६ च्या सुमारास झाला. वर्षाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि त्याला कारणही आहे. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. त्यांना लग्न करण्याची परवानगी नव्हती. आई एका वैद्याची मुलगी. म्हणजे समाजाच्या दृष्टीने हा मुलगा अनौरस होता, आणि हा डाग त्याला आयुष्यभर बोचत राहिला. आईने त्याला डेव्हेंटर गावच्या नावाजलेल्या शाळेत शिकायला ठेवले. त्या शाळेचा मुख्याध्यापक हेगिअस याला थोडेफार ग्रीक येत होते. त्या काळी त्या भागात ही नवलाचीच गोष्ट. पण हेगिअस वरच्या वर्गांना शिकवी. सगळ्या शाळेपुढे तो बोले ते सणासुदीला. तेवढेच कानावर पडले ते पडले.

पुढे प्लेगची साथ आली आणि आई गेली. पाठोपाठ वडीलही गेले. दोघा भावांना सांभाळण्यासाठी पालक नेमलेले होते, पण वडिलांच्या मागे राहिलेली पुंजी त्यांच्या हातात आटत गेली. इरॅस्मसला विद्यापीठात जायचे होते. पालकांनी मुलांना मठाची वाट दाखवली. मठात गेले की अन्नवस्त्राची चिंता मिटते आणि पालकांची जबाबदारीही संपते! १४८७ च्या सुमारास तो गौडा गावाजवळच्या स्टेन येथील मठात दाखल झाला आणि १४९२ साली त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. मठात त्याला लॅटिन ग्रंथ भरपूर मिळाले. लॅटिन ही तेव्हा युरोपभरच्या शिकलेल्या लोकांची भाषा होती. तिच्यावर त्याने असे प्रभुत्व मिळवले की एका बिशपने त्याला आपला चिटणीस म्हणून मठाबाहेर नेले. त्याच बिशपच्या आधाराने १४९५ साली तो पॅरिस विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला गेला.

तिथे ज्या कॉलेजात तो राहिला, तिथली शिस्त कडक आणि जेवण निकृष्ट. कुजकी अंडी आणि ओल धरलेल्या खोल्या त्याला म्हातारपणापर्यंत आठवत होत्या. तब्येत बिघडली, बिशपकडून येणारे पैसे आखडले. मग श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या धरून तो दिवस काढू लागला. वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या मित्रमैत्रिणींना यात परके वाटण्यासारखे काही नाही!

त्याच्या विद्यार्थ्यांत एक इंग्रज सरदारपुत्र होता. त्याने १४९९ साली इरॅस्मसला आपल्याबरोबर इंग्लंडला नेले. तिथे त्याची टॉमस मोरशी मैत्री जडली आणि ऑक्सफर्डला जॉन कॉलेट भेटला. ग्रोसिन आणि लिनेकर या दोघा विद्वानांशीही ओळख झाली. हे दोघे इटलीत जाऊन ग्रीक शिकून आले होते. इरॅस्मस तेव्हा तेहतिशीच्या आसपास होता. लॅटिनमध्ये त्याची बरोबरी करणारे फारच थोडे. पण प्लेटो, ॲरिस्टॉटल, होमर, इतकेच काय पण ज्या धर्माचा तो उपदेशक होता त्याचा मूळ ग्रंथ, हे सारे ग्रीक भाषेत होते. आणि ते सगळे त्याने आजवर दुसऱ्याच्या तोंडून ऐकले होते. जाणत्यांच्या घोळक्यात मान डोलवणारी मी एकटीच नव्हते तर!

हा प्रवास आणखी एका कारणाने त्याच्या लक्षात राहिला. १५०० सालच्या जानेवारीत परत निघताना डोव्हर बंदरातल्या अधिकाऱ्यांनी त्याची थैली तपासली. देशाबाहेर नाणे नेण्यास कायद्याने बंदी होती. त्याच्याजवळच्या वीस पौंडांपैकी अठरा पौंड तिथेच जप्त झाले. दोन पौंड खिशात आणि मनात ग्रीक शिकण्याचा ध्यास, अशा स्थितीत तो पॅरिसला परतला.

आता त्या वेळी ग्रीक शिकायचे म्हणजे काय होते, हे सांगितले पाहिजे. रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळल्यानंतर पश्चिम युरोपातून ग्रीक भाषेचे ज्ञान हळूहळू नाहीसे झाले होते. चौदाव्या शतकातल्या पेट्रार्क या थोर इटालियन कवीला होमरची ग्रीक पोथी भेट मिळाली होती, पण तो ती वाचू शकला नाही. १३९७ साली क्रिसोलोरास नावाचा ग्रीक पंडित कॉन्स्टँटिनोपलहून फ्लॉरेन्सला आला आणि तिथे शिकवू लागला. तेव्हापासून इटलीत ही भाषा पुन्हा रुजली. त्याने विद्यार्थ्यांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक व्याकरण लिहिले होते. पुढे १४७६ साली मिलान येथे कॉन्स्टँटाइन लास्कारिस याचे व्याकरण छापले गेले. संपूर्ण ग्रीकमध्ये छापलेले हे पहिले पुस्तक. त्यातले नियमही ग्रीक भाषेतच सांगितलेले होते! म्हणजे ते पुस्तक वाचून ग्रीक शिकायचे, तर आधी ग्रीक यायला हवे. लवकरच त्याच्या जोडीला लॅटिन भाषांतर छापले गेले आणि एक ग्रीक–लॅटिन शब्दकोशही निघाला, म्हणून निभावले. होमर १४८८ साली फ्लॉरेन्सला छापला गेला, आणि १४९५ पासून व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस एकामागून एक ग्रीक ग्रंथ काढू लागला. पण हे सारे इटलीत! पॅरिसमध्ये ती पुस्तके दुर्मीळ आणि महाग होती.

आज १८४३ साली प्रथम निघालेला लिडेल आणि स्कॉट यांचा प्रचंड ग्रीक शब्दकोश कोणालाही फोनवर फुकट उघडता येतो. इरॅस्मसजवळ असले काही नव्हते. त्याच्याजवळ जिद्द मात्र होती. पॅरिसला आल्यावर त्याने पैशांसाठी लॅटिन ग्रंथांतून वेचलेल्या ८१८ म्हणींचा एक छोटा संग्रह घाईने छापला, आणि ग्रीकचा अभ्यास सुरू केला. एका मित्राला त्याने कळवले की पैसे हाती येताच आधी ग्रीक पुस्तके घेईन आणि नंतर कपडे. दुसऱ्या एकाकडून त्याने होमरचा ग्रंथ उसना आणला होता. त्याविषयी लिहिताना तो कबूल करतो की आपल्याला तो अजून समजत नाही, पण नुसते त्याच्याकडे पाहूनही आपले मन भरते. हे मी वाचले आणि पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसले. न समजणारे पुस्तक उघडून बसण्याची मला लाज वाटत होती. युरोपातल्या सर्वांत मोठ्या पंडिताने तेच केले होते!

पॅरिसमध्ये त्याला एक शिक्षक मिळाला, जॉर्ज हर्मोनिमस नावाचा. जातीचा ग्रीक, पण त्याला शिकवण्याची हातोटी नव्हती आणि फी मात्र भारी होती. इरॅस्मसला त्याच्याकडून फारसे काही मिळाले नाही. मग त्याने स्वतःचा मार्ग काढला. रोज थोडे ग्रीक वाचायचे, त्याचे लॅटिन करायचे आणि पुन्हा मुळाशी ताडून पाहायचे. भाषांतर हाच त्याचा शिक्षक झाला. मधेच पॅरिसला प्लेगने गाठले, तेव्हा ऑर्लिन्सला. मग हॉलंड, मग लुव्हेन. जिथे जाईल तिथे त्याची ग्रीक पुस्तके बरोबर असत. सुमारे तीन वर्षे त्याला दुसरे काही सुचत नव्हते. आधी त्याने ग्रीक वक्ता लिबेनिअस याची भाषणे लॅटिनमध्ये आणली, मग युरिपिडीसची दोन नाटके पद्यात उतरवली. ल्युशियनचे विनोदी संवाद तर त्याने आणि टॉमस मोरने मिळून भाषांतरित केले. युरिपिडीस आणि ल्युशियन यांची ही भाषांतरे १५०६ साली छापली गेली. उसन्या होमरकडे नुसते पाहत बसणारा माणूस सहा वर्षांत ग्रीक नाटकाचा अनुवादक झाला!

त्याच वर्षी तो इटलीला गेला. ज्या देशात लोक ग्रीक शिकायला जात, तिथे तो ग्रीक शिकूनच पोचला. १५०८ साली तो व्हेनिसला आल्डसच्या छापखान्यात दाखल झाला. आपल्या म्हणींच्या संग्रहाची नवी आवृत्ती त्याला काढायची होती, या वेळी ग्रीक ग्रंथ धुंडाळून. तिथल्या विद्वानांनी आपापल्या संग्रहातली, अजून न छापलेली ग्रीक हस्तलिखिते त्याच्यापुढे आणून ठेवली. छापखान्याच्या खडखडाटात एका बाजूला तो लिहीत बसे आणि दुसऱ्या बाजूला त्याच पानांचे खिळे जुळत. आठ-नऊ महिन्यांत ८१८ म्हणींच्या जागी ३२६० म्हणींचा ग्रंथ उभा राहिला. प्रत्येक म्हणीखाली ती कोठून आली, कोणी वापरली, तिचा अर्थ काय, हे सारे दिले होते. मरेपर्यंत तो या ग्रंथात भर घालीत राहिला. शेवटी म्हणींची संख्या ४१५१ झाली. ज्यांना ग्रीक येत नव्हते, त्यांच्या हाती हा ग्रंथ म्हणजे ग्रीक विद्येचे भांडारच होते. आमच्या आजीजवळही म्हणींचे असेच भांडार होते. ते कोणी लिहून ठेवले नाही, तिच्याबरोबरच गेले.

इटलीहून तो पुन्हा इंग्लंडला आला. मोरच्या घरी मुक्कामाला असताना त्याने ‘मूर्खपणाची स्तुती’ लिहिली. ती १५११ साली छापली गेली आणि तिने त्याचे नाव घरोघरी नेले. त्याच वर्षी तो केंब्रिजला ग्रीक शिकवू लागला. आपल्याला वाटेल की एवढ्या मोठ्या माणसाच्या तासाला वर्ग ओसंडून वाहत असेल. तसे मुळीच नव्हते! समोर मूठभर विद्यार्थी, फीचे उत्पन्न नावापुरते, आणि हातात क्रिसोलोरासचे तेच जुने व्याकरण. थिओडोर गाझाचे वरच्या पायरीचे व्याकरण घेतले तर श्रोते वाढतील, अशी तो आशा करी. पुढे या गाझाच्या व्याकरणाच्या पहिल्या दोन भागांचे त्याने स्वतः लॅटिनमध्ये भाषांतर केले. आपल्याला जी अडचण आली, ती मागून येणाऱ्याला येऊ नये म्हणून.

अभ्यास कसा करावा यावर त्याने एक छोटे पुस्तक लिहिले आहे. त्यातला विचार आजही ताजा वाटतो. व्याकरणाचे नियम हवेत, पण थोडे आणि सोपे. विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे त्यातच अडकवून ठेवू नये. शक्य तितक्या लवकर चांगल्या लेखकांकडे वळावे. ग्रीक गद्यासाठी त्याने ल्युशियन, डेमॉस्थेनिस आणि हिरोडोटस हा क्रम सांगितला, आणि काव्यासाठी ॲरिस्टोफेनिस, होमर आणि युरिपिडीस. वाचताना वही जवळ ठेवावी. लक्षात राहत नाही ते भिंतीवर, दारावर, खिडकीवर लिहून ठेवावे, म्हणजे येता-जाता नजरेस पडेल. आणि आपल्याला एखादी गोष्ट कळली की नाही हे पाहायचे असेल, तर ती दुसऱ्याला शिकवून पाहावी. हे वाचल्यावर मी आमच्या घरी चुलीमागच्या भिंतीवर खडूने इंग्रजी शब्द लिहिले. आईने दोन दिवस ते पुसले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा अर्थ विचारला. माझी पहिली विद्यार्थिनी ती.

इरॅस्मसच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम १५१६ साली झाले. ख्रिस्ती धर्माचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. पण पश्चिम युरोपात हजारावर वर्षे तो लॅटिन भाषांतरातूनच वाचला जात होता, आणि नकला करताना त्या भाषांतरात चुकाही शिरल्या होत्या. १५०४ साली लुव्हेनजवळच्या एका मठात त्याला लोरेन्झो व्हाल्ला या इटालियन विद्वानाच्या टिपा सापडल्या. व्हाल्लाने लॅटिन पाठ ग्रीकशी ताडून पाहिला होता. त्याच वाटेने इरॅस्मस पुढे गेला. बाझल शहरातल्या फ्रोबेन याच्या छापखान्यातून त्याने ग्रीक नवा करार, शेजारी आपले लॅटिन भाषांतर आणि मागे भरपूर टिपा असा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रीक नवा करार छापून लोकांच्या हाती पडण्याची ही पहिलीच वेळ.

एक उदाहरण देते. जुन्या लॅटिन पाठात एके ठिकाणी लोकांना प्रायश्चित्त घ्या असा अर्थ निघेल असे शब्द होते. चर्चमध्ये जाऊन पापाची कबुली द्यावी आणि सांगितलेले प्रायश्चित्त करावे, या सगळ्या विधीला त्याचा आधार मानला जाई. मूळ ग्रीक शब्दाचा रोख मात्र मन पालटण्याकडे आहे. मन पालटणे ही माणसाच्या आतली गोष्ट. तिला कोणाची पावती लागत नाही! एका क्रियापदाच्या अर्थावर केवढी मोठी इमारत उभी होती, हे यावरून ध्यानात येईल. पुढे मार्टिन ल्यूथरने १५१७ साली जी ९५ कलमे मांडली, त्यांतली पहिली दोन याच शब्दाविषयी आहेत. आणि त्याने जर्मन भाषेत नवा करार आणला तो इरॅस्मसची १५१९ ची दुसरी आवृत्ती समोर ठेवून.

इथे मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले, तेव्हा आईच्या नावे एक इंग्रजी छापील पत्र आलेले होते. गावातल्या एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसाने ते वाचून तिला सांगितले होते की हा दंडाचा कागद आहे. काही पैसे दिलेस तर मी मिटवून देईन. आईने पैसे काढूनही ठेवले होते. मी शब्दकोश घेऊन बसले. दोन तास लागले, पण पत्र लागले. दंडाचा त्यात शब्दही नव्हता. आईने केलेल्या एका अर्जाला दाखला जोडायचा राहिला होता; तो पंधरा दिवसांत आणून द्यावा, नाही तर अर्ज निकाली काढला जाईल, एवढेच त्यात होते. त्यातले दहा दिवस उलटले होते. आम्ही दुसऱ्याच दिवशी दाखला नेऊन दिला. मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचणे म्हणजे काय, हे मला त्या रात्री कळले. इरॅस्मसने साऱ्या युरोपसाठी हेच केले.

तो काही चुकत नव्हता असे मात्र नाही. १५१६ ची आवृत्ती भयंकर घाईत निघाली, हे त्याने स्वतःच मान्य केले आहे. नव्या करारातल्या शेवटच्या ग्रंथाचे एकच ग्रीक हस्तलिखित त्याच्या हाती होते आणि त्याचे अखेरचे पान गहाळ होते. तेव्हा त्याने शेवटची सहा वचने लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये लिहून काढली! त्यातले काही शब्द कोणत्याही ग्रीक हस्तलिखितात नव्हते, तरी छापील ग्रंथांतून ते पुढे कितीतरी काळ चालत राहिले. दुसरी चूक तर जगभर पसरली. पँडोरा या स्त्रीने जगातली दुःखे मोकळी केली अशी ग्रीक कथा आहे. मुळात तिच्याजवळ ‘पिथॉस’ म्हणजे रांजण होता. इरॅस्मसने तिथे ‘पिक्सिस’ म्हणजे डबी आणली, आणि तेव्हापासून सारे जग पँडोराची पेटी म्हणत आले आहे. एवढ्या पंडिताचा रांजण डबीत गेला, तर माझ्या चुकांचे काय एवढे!

१५२८ साली त्याने ग्रीक आणि लॅटिनच्या शुद्ध उच्चारांवर एक संवाद लिहिला. त्यात बोलणारे आहेत अस्वल आणि सिंह. त्याच्या काळचे ग्रीक लोक निरनिराळे पाच-सहा स्वर आणि जोडस्वर एकाच तऱ्हेने, ‘ई’ असे उच्चारीत. आपण मराठीत ‘श’ आणि ‘ष’ वेगळे लिहितो पण बोलताना सारखेच बोलतो, तशातलाच हा प्रकार. लिहिताना वेगळी अक्षरे आहेत त्याअर्थी प्राचीन काळी त्यांचे उच्चारही वेगळे असले पाहिजेत, असे त्याने जुन्या ग्रंथांच्या आधारे दाखवले. यावर केंब्रिजमध्ये एवढे रण माजले की १५४२ साली तिथल्या कुलपतीने नव्या उच्चारांवर बंदीच घातली. ती बंदी टिकली नाही. युरोपातल्या पुष्कळ देशांत विद्यार्थी आज प्राचीन ग्रीक ज्या पद्धतीने वाचतात, तिला इरॅस्मसचेच नाव आहे.

त्याची अखेरची वर्षे सुखाची नव्हती. ल्यूथरच्या बंडाने युरोप दुभंगला. चर्चमधले दोष इरॅस्मसने आधीच दाखवले होते, म्हणून एक बाजू त्याला बंडाचा मूळपुरुष म्हणे; तो ल्यूथरच्या मागे गेला नाही, म्हणून दुसरी बाजू त्याला भित्रा म्हणे. १५२४ साली त्याने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या प्रश्नावर ल्यूथरविरुद्ध लिहिले, आणि पुढच्या वर्षी ल्यूथरने त्याला कडक उत्तर दिले. नव्या कराराच्या बाबतीतही त्याला माघार घ्यावी लागली होती. ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही म्हणून एक वाक्य त्याने पहिल्या दोन आवृत्त्यांतून वगळले होते. गहजब झाला, ते वाक्य असलेले एक हस्तलिखित पुढे केले गेले, आणि १५२२ च्या आवृत्तीत त्याने ते परत घातले. इथे तो कमी पडला असे काहींना वाटते. मला वाटते, तो लढवय्या नव्हता, वाचणारा माणूस होता. १५३५ साली त्याचा परममित्र टॉमस मोर याचा इंग्लंडच्या राजाने शिरच्छेद केला. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १५३६ रोजी, बाझल येथे इरॅस्मस वारला. आपल्या मिळकतीतून गरीब, वृद्ध आणि आजारी लोकांना, लग्नाच्या मुलींना आणि होतकरू विद्यार्थ्यांना मदत व्हावी, अशी व्यवस्था त्याने करून ठेवली होती.

एक गोष्ट मला खटकते, ती सांगते. या माणसाने आयुष्यभर लिहिले, पण आपल्या आईच्या भाषेत ग्रंथ लिहिला नाही. सारे लॅटिनमध्ये. आमच्याकडे ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, त्या भूमीतल्या मुलीला हे खटकणारच. मात्र याच इरॅस्मसने आपल्या नव्या कराराच्या प्रारंभी अशी इच्छा व्यक्त केली आहे, की शेतकऱ्याने नांगर धरताना आणि विणकराने मागावर बसताना धर्मग्रंथातली वचने आपल्या भाषेत गुणगुणावीत. ते काम त्याने केले नाही. ज्यांनी केले, त्यांच्या हाती मूळ ग्रंथ त्याने दिला.

असो. मित्रमैत्रिणींनो, या वर्षी मी कंपल्सरी इंग्रजीत किती गुण मिळवीन हे मला ठाऊक नाही. परंतु वर्गात कळले नाही तर मी आता मान डोलवीत नाही. हात वर करून विचारते. इरॅस्मसचे चरित्र मी ग्रंथालयात परत केले आहे. त्याच्या समासात कोण्या जुन्या विद्यार्थ्याने पेन्सिलने अवघड शब्दांचे अर्थ लिहून ठेवले होते. पहिल्या साठ-सत्तर पानांपर्यंत ते होते, पुढे नव्हते. पुढच्या शब्दांची वही माझ्याजवळ आहे. ज्याला कोणाला ते पुस्तक वाचायचे असेल, त्याने माझ्याकडून ती खुशाल मागून घ्यावी.

(द्वितीय वर्ष, कला)